तीनच इंजिनं का? फोर्ड ट्रायमोटर आणि त्याचे भाऊबंद

ढगातला

डकोटाच्या (म्हणजे डग्लस डीसी-३ या दोन इंजिनांच्या विमानाच्या) धाग्यावर मी बोलून गेलो होतो की डकोटाच्या आधी तीन इंजिनांच्या विमानांचा एक जमाना होऊन गेला, त्यावर कधीतरी लिहीन. दोघातिघांनी व्यक्तिगत निरोप पाठवून पिच्छा पुरवला, म्हणून हा धागा. तांत्रिक भाग थोडा जास्त आहे. कंटाळा आला तर सरळ प्रतिसादांकडे उडी मारा, तिथे नेहमीप्रमाणे जास्त रंगेल.

आज तीन इंजिनांचं विमान म्हटलं की वाटतं, जास्त ताकद हवी असेल म्हणून तिसरं लावलं असेल. १९२५च्या आसपास तसं नव्हतं. तिसरं इंजिन बसवलं ते बाकीच्या दोघांवर भरवसा नव्हता म्हणून.

त्या काळची एक गंमत सांगतो. १ ऑक्टोबर १९२४ला केएलएम या डच कंपनीचं एका इंजिनाचं फोकर विमान ॲमस्टरडॅमहून बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला निघालं. पल्ला निम्म्या जगाचा, आणि गाडी अडली बल्गेरियात. इंजिनाने मान टाकली, विमान कसंबसं खाली उतरवलं आणि नवं इंजिन येईपर्यंत मंडळींनी तिथेच महिनाभर मुक्काम ठोकला. बटाव्हिया गाठलं २४ नोव्हेंबरला. हे सगळे निष्णात लोक होते आणि विमान त्या काळातलं उत्तमांपैकी एक होतं. पण इंजिन एकच, आणि ते थांबलं की खाली मोकळं शेत असणं हा निव्वळ नशिबाचा भाग.

अँथनी फोकर हा डच गृहस्थ कारागीर किती मोठा होता यावर वाद घालता येईल, पण धंद्याचा वास त्याला लांबून यायचा. १९२५मध्ये अमेरिकेत फोर्ड कंपनीने विमानांची 'रिलायबिलिटी टूर' जाहीर केली. शर्यत वेगाची नव्हती. गावोगावी ठरल्या वेळी, न बिघडता पोचायचं. फोकर तेव्हा अमेरिकेत होता. त्याने हॉलंडला आपला डिझायनर रेनहोल्ड प्लाट्झ याला तार केली, की आपल्या एका इंजिनाच्या एफ-७ला तीन इंजिनं बसव. नाकात एक होतंच, प्लाट्झने पंखाखाली दोन टांगली. ४ सप्टेंबर १९२५ला विमान उडालं, बोटीने अमेरिकेला गेलं आणि टूर गाजवून आलं. इंजिनं राइट कंपनीची व्हर्लविंड, प्रत्येकी दोनशे अश्वशक्तीची, हवेने थंड होणारी. म्हणजे पाणी, रेडिएटर, नळ्या आणि त्यांची गळती, सगळं एका फटक्यात बाद. माझ्या मते इंजिनांच्या संख्येइतकंच श्रेय या हवेला द्यायला हवं.

ते विमान हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल याने विकत घेऊन रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या उत्तर ध्रुव मोहिमेला दिलं. नाव ठेवलं 'जोसेफिन फोर्ड', एडसेलच्या मुलीचं. फोकरने पंखावर आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं की ते फोटोत यायलाच हवं!

आता फोर्डकडे. विल्यम स्टाउट नावाचा एक बोलघेवडा इंजिनियर धातूची विमानं बनवायच्या नादात होता. त्याने बड्या उद्योगपतींना पत्रं धाडली: हजार डॉलर द्या, आणि खात्री बाळगा की ते परत मिळणार नाहीत. इतकं खरं बोलणारा माणूस बहुधा कोणी पाहिला नसावा, कारण वीस हजार डॉलर जमले, त्यात हेन्री आणि एडसेलचे हजार-हजार. १९२५मध्ये फोर्डने अख्खी कंपनीच घेतली. मग स्टाउटने तीन इंजिनांचं पहिलं विमान केलं, ३-एटी. ते दिसायला बेढब आणि उडायला त्याहून वाईट निघालं. जानेवारी १९२६मध्ये कारखान्याला आग लागली, त्यात ते जळालं. लोकांनी काय कुजबुज केली असेल याची कल्पना करा. फोर्डने स्टाउटला गोड बोलून बाजूला सारलं आणि टॉम टाउल, हॅरोल्ड हिक्स वगैरे मंडळींना कोऱ्या कागदावर सुरुवात करायला लावली. ११ जून १९२६ला ४-एटी उडालं. हेच ते फोर्ड ट्रायमोटर, लाडाने 'टिन गूज'. पुढे प्रॅट अँड व्हिटनीच्या ४२० अश्वशक्तीच्या वास्प इंजिनांचं थोरलं भावंड आलं, ५-एटी. १९३३पर्यंत सगळी मिळून १९९ बनली.

यात मी बसलोय. अमेरिकेत ऑशकॉशच्या विमानमेळ्यात ईएए ही हौशी वैमानिकांची संस्था १९२९ सालचं एक ४-एटी अजून उडवते. (हेच विमान १९७३च्या वादळाने उचलून उलटं आपटलं होतं. संस्थेने मोडतोड विकत घेतली, बारा वर्षं खपून जोडली, आणि १९८५ला ते परत हवेत गेलं.) अंगावर पन्हळी पत्रा, खरोखरचा पन्हळी, फक्त ड्युरॅल्युमिन या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. पंख डोक्यावर, जाडजूड, बाहेरून एकही टेकू नाही. खुर्च्या दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे प्रत्येकाला खिडकी.

खिडकीतून जे दिसतं त्याने मी येडा झालो. शेपटीकडे जाणाऱ्या तारा विमानाच्या बाहेरून गेल्यात! वैमानिकाने आत पाय दाबला की कॉकपिटच्या बाजूचा लोखंडी हात हलतो, तुमच्या खिडकीबाहेरची तार सरकते आणि मागे सुकाणू वळतं. सगळा व्यवहार उघड्यावर. बाजूच्या इंजिनांचे तेलदाब आणि तापमानाचे काटे कुठे असावेत? तिथेच, इंजिनाच्या दांड्यावर, बाहेर. वैमानिक मान वळवून काचेतून बघतो. आत नळ्या ओढत आणायच्या कशाला, त्यापेक्षा डबी बाहेरच लावा, असा हिशेब. चाकाचा ब्रेक म्हणजे दोन वैमानिकांच्या मधला एक लांब दांडा. स्टिअरिंग मोटारीचं शोभेल असं, लाकडी.

आवाजाबद्दल काय लिहू. नाकातलं इंजिन थेट तुमच्या समोर, मधे एक पातळ भिंत आणि वैमानिक. पत्रा सगळा थरथरतो. त्या काळी प्रवाशांना कानात घालायला कापूस आणि चघळायला च्युइंगगम द्यायचे. वेग ताशी शंभर मैलांच्या आसपास. खाली हायवेवरच्या गाड्या फार मागे पडत नाहीत.

बाकीचं सुचेल तसं प्रतिसादांत टाकतो.

पानापकड

वाचनखूण साठवली. बाहेरून तारा म्हणजे मेकॅनिकला स्वर्ग. काही अडकलं की लगेच दिसतं, पाटे उघडायला नकोत. पन्हळी पत्रा मजबुतीसाठीच ना?

ढगातला

हो. सपाट पातळ पत्रा दाबला की लगेच वळ्या पडतात, पन्हळीला तेवढी ताठी आयतीच मिळते, म्हणून आत कमी सांगाडा पुरतो. समज अशी होती की पन्हळी वाऱ्याच्या दिशेने असल्या की हवेला अडत नाहीत. प्रत्यक्षात विमानाभोवतीची हवा पंखाच्या खालून-वरून, अंगाला वळसे घेत जाते, ती कुठली पन्हळीच्या रेषेत चालायला! शिवाय पृष्ठभाग वाढतो तो वेगळाच. अवरोध भरपूर.

शंकेखोर

लेख छान, पण मुळातच घोळ आहे. तीन इंजिनं म्हणजे बिघाडाची शक्यता तिप्पट. भरवसा नसलेली वस्तू एकाऐवजी तीन घेतली तर भरवसा वाढतो का? आणि वाढवायचीच होती तर दोन का नाही?

टवाळ

टमटमला तीन चाकं असतात म्हणून ती सुरक्षित, तसंच असेल. :))

ढगातला

शंकेखोर, प्रश्न रास्त आहे, आणि सगळ्या विषयाची मेख यातच आहे.

एखादं तरी इंजिन बंद पडण्याची शक्यता तीनमध्ये जास्त, बरोबर. पण प्रश्न 'इंजिन बंद पडेल का' हा नाही. 'बंद पडल्यावर उरलेल्यांवर विमान हवेत राहील का' हा आहे. दोन इंजिनांच्या विमानात एक गेलं की निम्मी ताकद गेली. १९२५ची इंजिनं अशी होती की निम्म्या ताकदीवर भरलेलं विमान उंची टिकवू शकत नसे. म्हणजे दोनपैकी कुठलंही एक थांबलं तरी खाली यावंच लागणार. अशा विमानाला एकाच इंजिनाच्या विमानापेक्षा दुप्पट धोका! दोन इंजिनं ही तेव्हा सर्वात वाईट निवड होती. तीनमध्ये एक गेलं तर दोन तृतीयांश उरते. तेवढ्यात निदान पुढचं गाव गाठता येतं.

दुसरं, तीन करणं स्वस्त पडत होतं. एका इंजिनाचं सिद्ध झालेलं विमान हाताशी होतं. नाक तसंच ठेवायचं आणि बाजूला दोन टांगायची. चार करायची तर पंखच नवा करावा लागला असता.

निवृत्त_नाना

ढगातला यांनी बरोबर लिहिले आहे. फक्त एक मुद्दा राहिला. बंद पडलेले इंजिन नुसते निरुपयोगी नसते, ते ओझे होते. पंख्याची पाती एका कोनात कायमची बसवलेली असत. इंजिन बंद पडले तरी वाऱ्याने पंखा फिरतच राहतो आणि ब्रेकसारखा मागे ओढतो. आमच्या डकोटावर फेदरिंगची सोय होती. बटण दाबले की पाती फिरून वाऱ्याला धारेने उभी राहतात आणि पंखा थांबतो. नवीन पोरांना मी सांगत असे की, बाबांनो, एका इंजिनावर विमान घरी येते ते या बटणामुळे. ट्रायमोटरला हे नव्हते.

आणखी एक. रेडियल इंजिन (सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलात बसवलेले) रात्रभर उभे राहिले की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साठते. तसाच स्टार्टर मारला तर तेल दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पहाटे आधी पंखा हाताने ओढून फिरवायचा. मधेच जड लागला तर जोर लावायचा नाही, खालचे प्लग काढून तेल गाळायचे. आम्ही दोन इंजिनांना कंटाळत होतो, या लोकांना तीन. अंगावरचा शर्ट तेलाने ओला झाला नाही तर काम केले असे वाटत नसे.

कुंदकळी

नाना, तुमचा वेगळा धागा येऊ दे आता. किती दिवस प्रतिसादांत लपणार?

इसारकाठी

म्युनिकहून हजेरी. धाग्यात युंकर्सचं नाव नाही म्हणजे काय? पन्हळी पत्र्याचा मूळ धनी जर्मन विमान कारखानदार ह्युगो युंकर्स! फोर्डने ट्रायमोटर युरोपात विकायला आणलं तेव्हा युंकर्सने पेटंटचा दावा लावला आणि जिंकला. युरोपचा बाजार फोर्डला तिथेच बंद झाला. जाड, बिनटेकूचा धातूचा पंख आणि पन्हळी पत्रा या दोन्ही गोष्टी युंकर्सने आधीच करून दाखवल्या होत्या.

इथल्या लोकांची 'टांटे यू', म्हणजे यू ५२, ही सुद्धा मुळात एका इंजिनाची. अर्न्स्ट त्सिंडेलचं डिझाइन, १९३०मध्ये उडालं. इंजिन एकच आणि अंग अवजड. १९३२मध्ये त्याला तीन इंजिनं बसवली, आणि पहिलं गिऱ्हाईक कोण? बोलिव्हिया! अँडीजच्या डोंगरांत एक इंजिन बंद पडलं तर काय, हे त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

समोरून नीट बघा. बाजूची दोन इंजिनं सरळ पुढे बघत नाहीत, बाहेरच्या बाजूला चक्क तिरळी बसवलीत. आधी वाटतं पंख वाकलाय की काय. मुद्दाम आहे ते. एका बाजूचं बंद पडलं की दुसऱ्या बाजूचं विमानाला गरकन फिरवू बघतं. इंजिन बाहेर तिरकं केलं की त्याच्या ओढीची रेषा विमानाच्या गुरुत्वमध्याच्या जवळून जाते आणि फिरकी कमी होते. सरळ उडताना थोडी ताकद वाया जाते, पण अडचणीच्या वेळी वैमानिकाचा पाय वाचतो. मला तरी ही फोर्डपेक्षा जास्त विचार केलेली रचना वाटते.

ढगातला

इसारकाठी, युंकर्सचा मान मान्य. यू ५२ युद्धात घुसल्यामुळे हजारोंनी बनली, पण प्रवासी विमान म्हणून सात वर्षं उशिराने आली. ती आली तोवर अमेरिकेत तीन इंजिनांचा खेळ संपत आला होता. 'विचार केलेली' म्हणाल तर पटतं, वेळेवर आलेली म्हणाल तर नाही.

फोर्डने फोकरचीच नक्कल केली असंही म्हणतात. टूरमधलं विमान फोर्डच्या गावी, डिअरबॉर्नला रात्री हँगरमध्ये असताना फोर्डच्या माणसांनी टेप लावून मोजून घेतलं, ही कथा वैमानिक मंडळी चवीने सांगतात. घाट सारखा आहे हे खरं. पण फोकरचा पंख पूर्ण लाकडी, वर प्लायवूड, आणि धड पोलादी नळ्यांवर ताणलेलं कापड. फोर्ड आतून-बाहेरून धातूचं. टेप लावून ते कळत नाही. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड म्युझियममध्ये 'जोसेफिन फोर्ड' आणि बर्डला दक्षिण ध्रुवावर नेणारं ट्रायमोटर 'फ्लॉइड बेनेट' अशी दोन्ही आहेत. डेट्रॉइटकडच्या मंडळींनी एकदा दोन्हींच्या पंखाखाली उभं राहून बघा, फरक डोळ्यांना दिसतो.

गारवा

दक्षिण ध्रुवाचं थोडक्यात उरकू नका हो.

ढगातला

घ्या. २८-२९ नोव्हेंबर १९२९. वैमानिक बर्न्ट बाल्खन, सोबत बर्ड, हॅरोल्ड जून आणि फोटोग्राफर मॅकिन्ली. नाकातलं इंजिन काढून ५२५ अश्वशक्तीचं सायक्लोन बसवलं होतं, कारण वाटेत पठारावर चढायचं होतं. तरी हिमनदीच्या खिंडीत विमान वर जाईना. वजन कमी करायचं तर पेट्रोल टाकायचं की अन्न? पेट्रोल टाकलं तर परत येता येणार नाही, अन्न टाकलं आणि वाटेत उतरावं लागलं तर उपासमार. अन्नाच्या पिशव्या बाहेर फेकल्या आणि विमान खिंडीवरून जेमतेम सरकलं. एकूण प्रवास पावणेएकोणीस तासांच्या आसपास. तीन इंजिनांवर भरवसा ठेवून त्यांनी संकटकाळचं जेवण टाकून दिलं, यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र इंजिन बनवणाऱ्याला काय मिळणार!

कराचीची डाक

आपल्याकडचा दुवा कोणीच आणला नाही म्हणून मी आणतो.

इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीचं डी हॅव्हिलँड डीएच ६६ 'हर्क्युलिस' हेही तीन इंजिनांचं, फक्त दोन मजली पंखांचं. ब्रिस्टल ज्युपिटर इंजिनं. बनलीच मोजकी अकरा. कैरो ते बसरा या वाळवंटी टप्प्यासाठी मुद्दाम मागवलेलं. तिथे मधेच उतरावं लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. विमानांना वाट सापडावी म्हणून वाळवंटात नांगराने चर पाडून ठेवले होते. 'हर्क्युलिस' हे नाव मेकॅनो मासिकाच्या स्पर्धेतून आलं, म्हणजे शाळकरी पोरांच्या खेळण्याच्या मासिकातून!

डिसेंबर १९२६च्या शेवटी ब्रिटिश हवाई मंत्री सॅम्युएल होअर यातून लंडनहून निघाले आणि ८ जानेवारी १९२७ला दिल्लीत उतरले. तिथे व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी आयर्विन यांनी विमानाचं नाव 'सिटी ऑफ दिल्ली' ठेवलं.

३० मार्च १९२९ला लंडन-कराची नियमित सेवा सुरू झाली. आता गंमत बघा: लंडनच्या क्रॉयडन विमानतळापासून स्वित्झर्लंडमधल्या बासलपर्यंत आरगोसी विमान, तीन इंजिनं. बासल ते जिनोआ आगगाडी. जिनोआ ते अलेक्झांड्रिया 'कलकत्ता' नावाची उडती बोट, तिलाही तीन इंजिनं. पुढे कराचीपर्यंत हर्क्युलिस, पुन्हा तीन. सात दिवसांचा प्रवास. वर्षअखेरीस तीच विमानं कराचीहून जोधपूरमार्गे दिल्लीला येऊ लागली.

आणि मुंबई? लंडनहून तीन-तीन इंजिनांच्या बंदोबस्तात कराचीला आलेली डाक १५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडी टाटांनी जुहूला आणली ती एका इंजिनाच्या पस मॉथमधून, अहमदाबादमार्गे. शंकेखोर खूष!

शंकेखोर

खूष आहे. :) म्हणजे चांगलं इंजिन एक असलं तरी भागतं.

ढगातला

वैमानिक, टपालाच्या पिशव्या आणि खाली उतरायला सपाट किनारा असेल तर भागतं. तिकीट काढून बसलेल्या प्रवाशांना हे सांगून बघा.

कुंदकळी

प्रवाशांचं काय होत होतं हे मला जास्त ऐकायचंय. कापूस सोडून.

ढगातला

१९२९मध्ये टीएटी कंपनीने न्यूयॉर्क-लॉस एंजेलिस सेवा काढली, सल्लागार खुद्द लिंडबर्ग, एकट्याने अटलांटिक पार करणारा वैमानिक. पण रात्री उडायची कोणाची तयारी नाही. म्हणून पहिली रात्र आगगाडी ओहायोच्या कोलंबसपर्यंत, सकाळी फोर्ड ट्रायमोटरने ओक्लाहोमातल्या वेनोकाला, दुसरी रात्र पुन्हा आगगाडीत, न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला उतरून परत विमान. एकूण ४८ तास. लोक टीएटीचा विस्तार 'टेक अ ट्रेन' असा करायचे. सेवेला दोन महिने होतात न होतात तोच एक ट्रायमोटर न्यू मेक्सिकोत माउंट टेलरवर आदळलं, आठही जण गेले. वादळी हवेत डोंगर चुकला नाही, तिथे तीन इंजिनांचा काय उपयोग?

आणि जगातली पहिली हवाई सुंदरी एलेन चर्च १५ मे १९३०ला कामावर चढली ती बोइंग ८०ए वर. तेही तीन इंजिनांचंच. ती शिकलेली परिचारिका होती. विमानात परिचारिका ठेवणं कंपनीला पटलं, कारण हेलकाव्यांमुळे प्रवासी सतत आजारी पडत. लागणं म्हणजे किती, तर खिडक्या उघडता येणं ही सोय मानली जायची.

पानापकड

मग संपलं कसं? इतकी सगळी वकिली केल्यावर १९३३मध्ये बंद का?

ढगातला

तीन कारणं, आणि मला यातलं तिसरं सर्वात आवडतं.

पहिलं लाकूड. ३१ मार्च १९३१ला कॅन्ससमध्ये बझारजवळ टीडब्ल्यूए या विमान कंपनीचं फोकर एफ-१० कोसळलं. आठ मृत, त्यांत अमेरिकन फुटबॉलचा प्रशिक्षक नूट रॉकनी. आपल्याकडे एखादा लोकप्रिय क्रिकेट कर्णधार असा जावा, इतका हाहाकार. लाकडी पंखात ओल शिरून गोंद सुटला होता आणि पंख हवेतच मोडला. इंजिनं तिन्ही ठणठणीत असतील, पंखच राहिला नाही. फोकरचा अमेरिकेतला धंदा तिथे बसला.

दुसरं, नॅका या सरकारी संशोधन संस्थेचा एक प्रयोग. त्यांनी रेडियल इंजिनाभोवती बसवायचं गोल आवरण काढलं, काउलिंग. एका छोट्या लढाऊ विमानाचा वेग त्याने ताशी ११८वरून १३७ मैलांवर गेला. मग हौसेने ते तीन इंजिनांच्या फोकरला लावलं, तर फायदा जेमतेम! डोकी खाजवल्यावर कळलं की पंखाखाली लोंबकळणारी इंजिनं पंख आणि इंजिन यांच्या मधली हवाच बिघडवतात. मग वेगवेगळ्या जागी इंजिन ठेवून मोजमाप केलं आणि सर्वोत्तम जागा निघाली पंखाच्या पुढच्या कडेत, थेट समोर. एकदा तिथे बसवली की नाकातल्या तिसऱ्याचं कौतुक संपलं. तिथे वैमानिकाच्या काचेवर तेल उडवण्यापलीकडे ते फारसं काही करत नव्हतं.

तिसरं, २ ऑगस्ट १९३२चं एक छोटं पत्र. टीडब्ल्यूएच्या जॅक फ्रायने विमान कारखानदारांना मागणी पाठवली: धातूचं, शक्यतो तीन इंजिनांचं विमान हवं. डग्लसची मंडळी, म्हणजे पुढे डकोटा बनवणारी, म्हणाली, दोनच लावू. टीडब्ल्यूएने अट घातली: पूर्ण भरलेलं विमान आमच्या कुठल्याही विमानतळावरून एक इंजिन बंद पडलं तरी उडालं पाहिजे. अवघड विमानतळांपैकी एक ॲरिझोनातलं विन्स्लो, सुमारे दीड हजार मीटर उंचीवर, विरळ हवा. सप्टेंबर १९३३मध्ये डग्लसच्या नव्या डीसी-१ने तिथे धावता धावता एक इंजिन बंद केलं, उचललं आणि एकाच इंजिनावर अल्बुकर्कीला जाऊन उतरलं.

आकडे बघा. फोर्ड ५-एटीची तीन इंजिनं मिळून १२६० अश्वशक्ती. डीसी-१ची दोन मिळून चौदाशेच्या घरात, आणि अंग गुळगुळीत, चाकं पोटात, पंख्याची पाती हवी तशी कमी-जास्त वळवता येणारी. शंकेखोरचा 'दोन का नाही' हा प्रश्न १९२५मध्ये चूक होता, १९३३मध्ये बरोबर.

निवृत्त_नाना

डीसी-१ला पाती वळत होती, पण आमच्यासारखे पूर्ण फेदरिंग नव्हते. ते काही वर्षांनी आले. बाकी बरोबर.

इसारकाठी

मग तीन इंजिनांचं बोइंग ७२७ कुठून आलं? ट्रायस्टार? ती तर जेट, इंजिनं भरवशाची.

ढगातला

नियमामुळे. अमेरिकेत १९५३पासून दोन इंजिनांच्या विमानाला विमानतळापासून एका इंजिनावर साठ मिनिटांपेक्षा लांब जायची बंदी होती. १९६४मध्ये तीनवाल्यांना त्यातून सूट मिळाली. ७२७च्या वेळी एका कंपनीला चार हवी होती, एकीला दोन, एकीला समुद्रावर जायला तीन. तडजोड तीनवर झाली. १९८५नंतर दोन इंजिनांना महासागर मोकळे झाले आणि तीनवाली पुन्हा आटली. ते तिसरं इंजिन शेपटीत कसं बसवायचं, हवा आत कशी ओढायची, हा वेगळाच भानगडीचा विषय आहे. वेळ मिळाला की त्यावर.

टवाळ

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. आणि ऑशकॉशचं तिकीट कुठे काढायचं तेवढं सांगा, वैमानिकाशेजारची खुर्ची मिळते का?

ढगातला

तिकीट तिथेच मैदानावर, किंवा आधी ईएएच्या संकेतस्थळावर. उजवीकडची कॉकपिटमधली खुर्ची कधीकधी जास्त पैसे घेऊन देतात. हवा बिघडली तर उड्डाण रद्द, म्हणून सकाळचंच घ्या. कापूस मात्र आपला आपण न्या.